वळवाआधी प्लग भिंतीबाहेर

बाळ, नवा ॲम्प्लिफायर आणलास, आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतलास, खालच्या सोप्यात मोठे स्पीकर मांडलेस. ऐकून बरं वाटलं. फोनवर मी सांगायला लागलो की तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे लिहून पाठवतोय. रेडिओ आणि टेप उघडण्यात माझा जन्म गेला. वळवात मेलेली यंत्रं दर उन्हाळ्याला टेबलावर यायची, आणि घेऊन येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "अहो, बटण तर बंद होतं."

बटण बंद असायचं, यात खोटं काही नाही. पण बटण बंद करणं म्हणजे यंत्र सोडवणं नव्हे. थ्री पिनमधून तीन तारा यंत्रात जातात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. बोर्डावरचं बटण त्यातली एकच तोडतं, फेज. बाकीच्या दोन जागच्या जागी असतात. तीही फेज तुटते ती वायरमननं बरोबर जोडली असेल तर. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांत उलटी जोडलेली बटणं मी पुष्कळ बघितलीत; तिथं बटण बंद करूनही फेज यंत्रात खेळत असते. एक काम कर. टेस्टर घे आणि घरातलं एकूण एक सॉकेट तपास. मोठं भोक वर येईल असं सॉकेटसमोर उभं राहिलं की उजव्या हाताच्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे, आणि बटण बंद केलं की विझला पाहिजे. यात फरक दिसला तर आधी वायरमनला बोलव, गाणं नंतर लाव.

आणि बटणाच्या आतली फट ती केवढी? तीनेक मिलिमीटर. कोरड्या हवेत ठिणगीला 1 सेंटिमीटर उडी मारायला साधारण 30,000 व्होल्ट लागतात. म्हणजे बटणाची फट ओलांडायला 10,000 पुरे झाले. जवळपास वीज पडली की बाहेरच्या उघड्या लाईनीवर तेवढे व्होल्ट सहज चढतात.

लोकांना वाटतं, वीज थेट घरावर पडली तरच काही होतं. थेट पडली तर ॲम्प्लिफायरची चौकशी करायला कुणाला फुरसत असणार! नेहमीचं प्रकरण वेगळं. वीज पडते दोन गल्ल्या पलीकडं, एखाद्या माडावर नाहीतर लाईटच्या खांबावर. एका झटक्यात साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह जमिनीत उतरतो. आपल्या सॉकेटला फार तर 16 अँपिअर माहीत. एवढा प्रवाह सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत उसळला की आसपासच्या प्रत्येक लांब तारेत आपोआप दाब उभा राहतो: खांबावरच्या लाईनीत, गच्चीवरून उतरलेल्या डिशच्या केबलीत, या छपरावरून त्या छपरावर टाकलेल्या इंटरनेटच्या वायरीत. विजेनं तारेला शिवावंही लागत नाही.

जमीनसुद्धा त्या वेळी गप्प नसते. वीज उतरते तिथली माती क्षणभर हजारो व्होल्टांवर जाते आणि लांब जाऊ तसा दाब उतरत जातो. झाडाखाली बांधलेली म्हैस अंगावर वीज न पडताही मरते ती यामुळंच. पुढचे पाय एका दाबावर, मागचे दुसऱ्या, आणि प्रवाह मधल्या अंगातून. तुझा ॲम्प्लिफायर ही ती म्हैस आहे, बाळ. त्याचा एक पाय लाईटच्या अर्थिंगमध्ये, दुसरा डिशच्या केबलीत, तिसरा इंटरनेटच्या वायरीत. या सगळ्या वेगवेगळ्या जागेवरून आलेल्या, म्हणून त्यांचे दाब वेगवेगळे. हिशेब बघ: तुमच्या इमारतीच्या अर्थिंगचा रोध 5 ओहम आहे आणि विजेच्या प्रवाहाचा दहावा हिस्सा, 3,000 अँपिअर, त्या वाटेनं गेला, असं धर. अर्थिंगची तार 15,000 व्होल्टांवर गेली. डिशची केबल मात्र तेवढ्यावर नाही. मधे कोण उभं आहे? तुझा ॲम्प्लिफायर.

म्हणून सोडवायचं तर सगळे पाय सोडवायचे. एक काढला आणि एक राहिला, तर तू निम्मं काम करून पूर्ण बिनघोर झालास, एवढंच.

टेबलावर काय दिसायचं ते सांगतो. झाकण काढलं की जळक्या बेकेलाइटचा वास आधी यायचा. गिऱ्हाइकाचा संशय पॉवर ट्रान्झिस्टरवर, कारण ते महाग. तर ते बहुतेकदा धडधाकट. फ्यूजही शाबूत. फ्यूज बघून काही ठरवायचंच नसतं, कारण त्याला वितळायला काही मिलिसेकंद तरी लागतात आणि झटका त्याच्या आत येऊन गेलेला असतो. बघायचा तो माग. पाठीमागच्या पॅनेलवर टीव्हीची ऑडिओ वायर लागते ना, त्या सॉकेटपासून पीसीबीवरची तांब्याची पट्टी अर्धं बोटभर उडून गेलेली, तिच्या जागी काळी रेघ. रेघ जिथं संपते तिथं इनपुट निवडणारी आयसी, आणि आयसीच्या पोटाला बारीक भोक. म्हणजे झटका लाईटकडून आलाच नव्हता. डिशच्या केबलीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत, टीव्हीतून ऑडिओच्या वायरीनं ॲम्प्लिफायरमध्ये, आणि ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या पिनेतून जमिनीत. त्या माणसानं टीव्हीचा प्लग आठवणीनं काढला होता. ॲम्प्लिफायरचा राहिला होता.

आता तुझ्या सोप्यातलं बघू. ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, आणि तो कोपऱ्यातला सबवूफर. सबवूफर हा घरभेदी. त्याला त्याचा स्वतःचा प्लग असतो आणि ऑडिओच्या वायरीनं तो ॲम्प्लिफायरला बांधलेला असतो. ॲम्प्लिफायरचा प्लग काढून तू निवांत झोपलास तरी सबवूफरमार्फत तो भिंतीला जोडलेलाच. लॅपटॉप चार्जिंगला लावून यूएसबीनं गाणी वाजवत असशील तर तीच गत. म्हणून सगळ्यांची शेंडी एका हातात पाहिजे. जाड वायरीचा, चांगल्या सॉकेटांचा एक एक्स्टेंशन बोर्ड घे, यंत्र मोठं असेल तर 16 अँपिअरचा. गाण्याचं आणि टीव्हीचं जे जे आहे ते सगळं त्यावर, आणि बोर्डाचा एकच प्लग भिंतीत. तो ओढला की लाईटकडचं सगळं एकदम सुटलं. ओढलेला प्लग बोर्डाखाली लोंबकळत ठेवायचा नाही. भिंतीला हातभर अंतरावर लाकडी खुंटी ठोक आणि त्यावर अडकव. त्यात सोय अशी की प्लग खुंटीवर आहे की भिंतीत, हे दारातूनच दिसतं. घरी आत्याला फोन करून 'बघ गं जरा' म्हणावं लागत नाही.

डिशची केबल बॉक्सच्या मागून फिरवून सोडावी लागते आणि त्याचाच सगळ्यांना कंटाळा. फिरवायची गरज नसलेला, दाबून बसणारा कनेक्टर मिळतो, तो लावून घे. सुटलेलं टोक बॉक्सच्या पाठीशी नको, खिडकीच्या बाजूला टाक. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये घ्यायला तांब्याच्या वायरीऐवजी ऑप्टिकल केबल वापर. तिच्यातून प्रकाश जातो, विजेला तिथं वाटच नाही. तू करशील त्यातलं स्वस्त आणि पक्कं काम हे. ब्लूटूथनं वाजवत असशील तर तोही पाय मुळातच नाही.

इंटरनेट फायबरचं आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. काच वीज नेत नाही, कबूल. पण खांबावरून येणाऱ्या त्या काळ्या वायरीत काचेच्या जोडीला पुष्कळदा आधाराची पोलादी तार असते. शिवाय वायफायच्या डब्याचा ॲडॅप्टर भिंतीत आणि डब्यातून टीव्हीकडं जाणारी लॅनची वायर तांब्याचीच. डबाही त्याच बोर्डावर घे, नाहीतर लॅनची वायर काढ.

स्पीकरच्या वायरी सोप्यातल्या सोप्यात असतील तर राहू देत, त्यांना हात लावायचं कारण नाही. परसात नाहीतर गच्चीवर स्पीकर नेला असशील तर मात्र ती वायर म्हणजे एरियलच झाली. ती सोडव.

मधेच एक ताकीद. ॲम्प्लिफायर आणि टीव्ही जोडले की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो, आणि कुणीतरी शहाणा येऊन सांगतो, थ्री पिनची मोठी पिन तोडून टाक, आवाज जाईल. आवाज जातो. पण त्या दिवशी आत एखादी तार सुटून डब्याला लागली तर फेज डब्यावर येते आणि तुझा हात तिची वाट होतो. ती पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागते, काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वीज चालू असताना अर्थिंग हवंच. सोडवायचं ते सगळं मिळून, एकटं अर्थिंग कधीच नाही. घूं घालवायचा असेल तर सगळे प्लग एकाच बोर्डावर घेतल्यावर बहुतेक वेळा तो जातो; नाही गेला तर ऑडिओच्या वायरीत घालायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. अर्थिंग नसलं की काय होतं ते बघ: 1753 साली रशियात सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान नावाच्या शास्त्रज्ञानं छपरावरची सळई तारेनं घरात आणली होती, विजेचं मोजमाप करायला, आणि तिला जमिनीला जोडलं नव्हतं. वादळात वाकून बघायला गेला आणि जागीच गेला.

काही जण गाण्याच्या यंत्राला घरापासून वेगळं, स्वतंत्र अर्थिंग करून घेतात, आवाज साफ होतो म्हणून. करू नकोस. दोन अर्थिंग म्हणजे म्हशीचे दोन पाय आणखी लांब केल्यासारखं. घराचं एकच अर्थिंग चांगलं ठेव. उन्हाळ्यात माती सुकते आणि रोध वाढतो, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओत. मुरमाड जागेत तर जास्तच.

दुकानदार तुला तीन वस्तू दाखवेल. पहिली स्पाइक बस्टर. त्यातल्या बऱ्याच नुसत्या बटणाच्या पट्ट्या असतात. खऱ्याच्या आत एक चकती असते, दाब वाढला की ती तो अर्थिंगकडं वळवते. म्हणजे अर्थिंग नसेल तर तिचा उपयोग अर्धाच. शिवाय ती प्रत्येक झटक्यानं झिजते, आणि मेली तरी पट्टी लाईट देतच राहते. लावणाऱ्याला वाटतं राखण चालू आहे. रोजच्या बारीकसारीक झटक्यांना ठीक, वळवाला नाही. दुसरी स्टॅबिलायझर. त्याचं काम हळूहळू कमीजास्त होणारा दाब सावरायचं. विजेचा झटका त्याला कळायच्या आत पुढं गेलेला असतो. तिसरी, मोठा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. वस्तू चांगली आहे. दोन गुंडाळ्या एकमेकींना न शिवता चुंबकाच्या जोरावर वीज देतात. शॉकपासून जपते, घूं कमी करते. पण त्या दोन गुंडाळ्यांमधलं कागदाचं नाहीतर प्लास्टिकचं अंतर ते केवढं? आकाशातून काही किलोमीटर हवा फोडून आलेल्याला त्याचं काय! पैसे असतील तर मीटरजवळच्या मेन बोर्डात जाणत्या माणसाकडून झटका अडवणारी एसपीडी बसवून घे, त्यानं सगळ्या घरालाच आधार होतो. तरीही हातभर हवेइतकं खात्रीचं आणि फुकटचं साधन मी अजून बघितलेलं नाही.

आता वेळ. यात लोक चुकतात, कारण त्यांना पावसाची भीती वाटते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात पंचगंगा पात्राबाहेर येते, पण त्या संततधारेत गडगडाट क्वचित. (त्या दिवसांत नदीकडच्या घरांनी यंत्रं माडीवर न्यावीत, ते दुखणं वेगळं, 2019 च्या महापुरानं ते शिकवलंय.) विजेचे काळ दोन. पाडव्यापासून मृगापर्यंतचा वळीव आणि मग हस्त-चित्रातला परतीचा पाऊस, ऐन नवरात्र-दसऱ्याचा. या दोन्ही काळांत ऐकून झालं की प्लग खुंटीवर, ढग असोत नसोत. दुपारी अंगाची काहिली झाली आणि वारा पडला, तर चारच्या पुढं गाणं लावायच्या भानगडीत पडू नकोस.

चमक दिसल्यापासून कडाड ऐकू येईपर्यंत सेकंद मोज आणि तीननं भाग, तेवढे किलोमीटर. 30 सेकंद आले तर वीज 10 किलोमीटरवर आहे, म्हणजे पन्हाळ्याच्याही अलीकडं. तिथून पुढची तुझ्या गल्लीत पडू शकते. पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घे. 20 आणि 40 किलोमीटरच्या घेरात वीज पडत असेल तर ते दाखवतं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ दे, मगच प्लग भिंतीत.

त्यातही लाईट गेली असेल तर आल्या आल्या लगेच लावू नकोस. वादळात फांदी पडून लाईनीतला न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी घरात 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि ते विजेसारखे क्षणात जात नाहीत, बसून राहतात. माझ्या टेबलावर 'विजेनं गेलं' म्हणून आलेली कितीतरी यंत्रं खरं तर न्यूट्रलनं गेलेली असायची: ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी सबंध काळी, कुठं एका रेघेचा माग नाही. लाईट आली की आधी पंखा आणि बल्ब बघ. बल्ब डोळ्यावर येत असेल, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरत असेल तर मेन स्विच बंद कर. नाहीतर पंधरा मिनिटं थांब आणि मग लाव.

आजोबांच्या रेडिओला यातलं काही सांगावं लागत नव्हतं. सांगली आकाशवाणी स्वच्छ लागावी म्हणून छपरावर दोन बांबूंमधे तांब्याची तार असायची, आणि ती जिथून घरात यायची त्या खिडकीपाशी पोर्सेलीनवर बसवलेला एक पात्याचा स्विच. वर केला की तार रेडिओला, खाली पाडला की थेट जमिनीला. ढग आले की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पातं पाडा!" शिवाय व्हॉल्व्हचा रेडिओ धट्टाकट्टा, जो झटका व्हॉल्व्ह पचवायचा त्यात आताची आयसी राख होते. यंत्रं नाजूक झाली आणि तारा वाढल्या, अशी सगळी उलटी गंगा आहे.

रेकॉर्डींत केसरबाई केरकर आहेत ना तुझ्याकडं? शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या त्या शिष्या. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर घालून अंतराळात पाठवली. व्हॉयेजर-1 हे यान 1979 च्या मार्चमध्ये गुरूजवळून गेलं तेव्हा गुरूच्या ढगांत विजा चमकताना त्याला दिसल्या. त्या यानाची वीज यानावरच तयार होते, बाहेरच्या कशालाही त्याची एकही तार लागलेली नाही. तबकडी धडधाकट पुढं गेली.

यंत्रांची बिलं, मागच्या नंबरांचे फोटो फोनमध्ये ठेव आणि घराच्या विम्यात वीज पडणं आणि घरातलं सामान हे दोन्ही लिहिलंय का ते एजंटाला विचार.

आणि हे विसरलास, ऐकत बसलास, नि डोक्यावर कडाडायला लागलं, तर प्लगला हात लावू नकोस. केबल काढायला खिडकीशी जाऊ नकोस, नळाखाली उभा राहू नकोस. यंत्र गेलं तर माझ्याकडं घेऊन ये, अजून हात चालतो. तू आणि आत्या आतल्या खोलीत, भिंतीपासून लांब बसा.